सड्यावरील ओल आणि आमचे औदार्य

नगराची शोभा वाढविण्याच्या उत्साहात नगराचे मूळ वैभवच नष्ट व्हावे, यासारखा दैवदुर्विलास नाही. रत्नागिरीच्या उशाशी पसरलेल्या सड्यांविषयी ही भीती आम्हांस वाटते.

वैशाखात हा जांभ्याचा कातळ उजाड दिसतो. सरकारी दप्तरात त्याची गणना पडीक जमिनीत होते. परंतु ३००० मिलिमीटरहून अधिक पावसाच्या या मुलखात मृगाच्या सरी कोसळल्या, की त्याच कातळाच्या खळग्यांत पाणथळ निर्माण होते. कोकण व त्याच्या लगतच्या मुलखाबाहेर जगात कोठेही न आढळणारी दीपकाडी प्रथम फुलते. मागाहून गेंद, सीतेची आसवे आणि दवबिंदू येतात. शेवटच्या दोन वनस्पती कीटकभक्षक आहेत. डार्विनने १८७५ साली अशा वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या कीटक का खातात? येथील बोटभर मातीत नत्र व स्फुरद जवळजवळ नसतात म्हणून. मातीचे हे दारिद्र्यच त्यांचे कवच होय. जमीन सकस झाली, की उंच गवत माजते आणि ही इवली रोपे त्याखाली गुदमरतात.

चिऱ्यांच्या खाणी व इमारती यांनी होणारा नाश सर्वांस दिसतो. परंतु सत्कृत्य म्हणून टाकलेली ट्रकभर माती, सड्यावर हौसेने केलेले वृक्षारोपण, डबक्याचे 'सुशोभीकरण' आणि त्यात सोडलेले सांडपाणी हीही तितकीच घातक आहेत, हे कोणी ध्यानी घेत नाही. येथे जोपासना म्हणजे काही करणे नव्हे, तर हात आवरणे होय.

मात्र हात आवरणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. नगरपरिषदेने सड्यांची पाहणी उन्हाळ्यात न करता ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत करावी. पाणथळ जागा व त्यांचे ओहळ विकास आराखड्यात नोंदवावेत. रस्ता नेताना पाण्याची वाट मोकळी ठेवावी. सड्यात मुरलेले पाणीच पायथ्याच्या विहिरींना मिळते, हे व्यवहारी माणसानेही विसरू नये.

याच सड्यांवरील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, तेव्हा आम्हां सर्वांस अभिमान वाटला. कातळावर कोरलेल्या रेषा जपणाऱ्यांनी त्याच कातळावर दरसाल उमलणारे जीवन मातीखाली गाडावे काय? रत्नागिरीकरांनी याचे उत्तर येत्या पावसाळ्यापूर्वी दिले पाहिजे.