रिले हे व्हीलॅनचे अपत्य नव्हे

‘व्हीलॅन आले, म्हणून डीएचसीपी रिले शोधावा लागला’ हे लाडके विधान कालक्रमावरच कोसळते. व्हीलॅनचे ८०२.१क्यू मानक १९९८चे. रिलेचे बीज मात्र सप्टेंबर १९८५च्या बूटपीत आहे. क्रॉफ्ट आणि गिल्मोर यांनी ‘जीआयअ‍ॅडर’ हा रकाना तेव्हाच ठेवला होता. समजा, सर्व्हर डहाणूत आणि संगणक तलासरीत आहेत. पत्ता मागणारी संगणकाची हाक राउटरपाशीच अडते. रिले त्या रकान्यात संबंधित व्हीलॅनमधला स्वतःचा पत्ता लिहितो आणि ती थेट डहाणूला धाडतो. कोणत्या संचातला पत्ता द्यायचा, हे सर्व्हर त्यावरूनच ठरवतो. एवढी जुनी सोय हाताशी असताना व्हीलॅनगणिक नवा सर्व्हर गळ्यात मारणाऱ्यांना तलासरीतल्या एखाद्या महाविद्यालयाने पैसे का मोजावेत?