पळवायची हौस, थांबवायचा हिशोब

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आपल्याकडे आली. चाकणच्या कारखान्यात पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, तरी या गाडीची हौस काही ओसरलेली नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तिला आजही गिऱ्हाईक आहे. घेणारा बहुधा सोमवार ते शुक्रवार हिंजवडी-खराडीच्या रांगेत अडकणारा आणि रविवारी पहाटे ताम्हिणी घाट गाठणारा. गाडी हातात आली की आधी इंजिनाचा रीमॅप, मग रुंद टायर, मग आवाज करणारा सायलेन्सर. ब्रेकचा नंबर लागतो तो चाकातून किरकिर ऐकू यायला लागल्यावर.

तेव्हाही निर्णय दोनच टोकांना होतो. एकतर नाक्यावरच्या गॅरेजात ‘असेल तो टाका’, नाहीतर रेसिंगचा शिक्का मारलेला, परदेशातून मागवलेला महागडा ब्रेक पॅड. पहिल्यात चिकटपणा आहे, दुसऱ्यात मिरवणूक. विचार दोन्हींत नाही. रोज ऑफिसला न्यायच्या आणि सुट्टीच्या दिवशी मोकळी सोडायच्या गाडीचा पॅड निवडताना मुख्य प्रश्न तापमानाचा असतो: तो थंड असताना किती पकडतो, आणि किती तापेपर्यंत पकडत राहतो?

ब्रेक दाबणं म्हणजे गाडीच्या वेगाची उष्णता करणं. पोलो जीटी माणसं-सामानासकट १,३०० किलोंची धरली, तर ताशी १०० किलोमीटरवरून शून्यावर येताना सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ब्रेक लागताच वजन पुढे झुकतं, त्यामुळे तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कच्या अंगावर येतो. वेग दुप्पट झाला तर हीच ऊर्जा चौपट होते.

आता बोरघाट घ्या. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना उंची साधारण साडेपाचशे मीटरने कमी होते. याच गाडीसाठी ती ऊर्जा भरते सुमारे ७,००० किलोज्यूल, म्हणजे शंभराच्या वेगावरून चौदा वेळा पूर्ण थांबण्याइतकी. त्यातली थोडी वाऱ्याच्या विरोधात जाते, आणि खालचा गिअर ठेवला तर बरीचशी इंजिन खातं. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवणारे बहाद्दर मात्र इंजिनाचा वाटाही पॅडच्याच गळ्यात बांधतात.

उष्णता हाताबाहेर गेली की ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. पॅडमधले सगळे घटक एकत्र धरून ठेवणारं रेझिन अती तापलं की त्यातून वायू सुटतात आणि पॅडची डिस्कवरची पकड ढिली होते. पेडल पायाला घट्ट लागतं, पण गाडी पुढे जातच राहते. दुसऱ्या तऱ्हेत ब्रेक ऑइल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली बसतं. पहिल्याचा दोष पॅडचा, दुसऱ्याचा ऑइलचा. ‘ब्रेक फेल झाला’ या तीन शब्दांत आपण दोन्ही दुखणी एकाच पोत्यात भरतो आणि मग चुकीच्या गोष्टीवर पैसे घालतो.

पॅडसारख्या घासून संपणाऱ्या तुकड्याचा शोध मोटारीइतकाच जुना आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ यांनी नवऱ्याने बनवलेली मोटार मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत चालवत नेली. वाटेत उतारांवर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी एका चर्मकाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. पुढे १८९७ मध्ये इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी फेरोडो ही ब्रेक लायनिंगची कंपनी काढली. मग अ‍ॅस्बेस्टॉसचं युग आलं. उष्णता सोसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण त्याची धूळ फुप्फुसं पोखरते हे सिद्ध झालं आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. आज दुकानात जी विविधता दिसते, ती बरीचशी अ‍ॅस्बेस्टॉसची जागा भरून काढण्याच्या धडपडीतून आलेली आहे.

ढोबळमानाने पॅड तीन जातींचे. ऑरगॅनिक पॅड शांत असतो, डिस्कला जपतो, गार असतानाही लगेच पकडतो. लांब घाटात मात्र तोच आधी थकतो. सेमी-मेटॅलिकमध्ये पोलादाचे तंतू आणि धातूची भुकटी असते. तो जास्त उष्णता सोसतो, पण डिस्क लवकर झिजवतो, काळी धूळ रिमवर बसवतो आणि कधीकधी किंचाळतो. सिरॅमिक स्वच्छ आणि शांत, म्हणून शहरात लोकप्रिय. त्याचं नाव ऐकून तो आपोआप रेसचा समजायचं मात्र कारण नाही. प्रत्येक जातीत कंपनीगणिक मिश्रण बदलतं. त्यामुळे खोक्यावरच्या जातीपेक्षा कंपनीने दिलेली तापमानाची मर्यादा महत्त्वाची.

ट्रॅकवरचा अस्सल रेसिंग पॅड इथेच नापास होतो. तो शेकडो अंशांच्या तापमानात सलग काम करण्यासाठी बनलेला असतो. सोमवारी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर पडून पहिल्या सिग्नलला ब्रेक दाबाल, तेव्हा डिस्क जेमतेम कोमट असते आणि त्या तापमानाला हा पॅड नीट पकडतच नाही. जुलैच्या पावसात, डिस्क ओली असताना, तर विचारायलाच नको. समोर अचानक रिक्षा वळली तर कामाला येते ती पॅडची थंड असतानाची पकड. ताम्हिणीतल्या दोन तासांसाठी आठवड्याचे उरलेले सगळे तास धोक्यात घालण्यात शहाणपण नाही.

जुना पॅड त्याला डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधून निघाला की तो हातात घेऊन बघावा. बहुतेक गाडीमालक ते कधीच करत नाहीत. पोलादी पाठीवर चिकटवलेला घर्षणाचा थर दोन-तीन मिलिमीटर उरला असेल तर बदलायची वेळ झाली. थर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल, तर कॅलिपरच्या पिना अडकल्या आहेत. नुसता पॅड बदलून भागणार नाही. पृष्ठभाग आरशासारखा चकाकत असेल, तर तो जळून कडक झालेला आहे. अनेक पॅडच्या कडेला एक ओळ छापलेली असते आणि तिच्या शेवटाकडे ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ अशी दोन अक्षरं असतात. अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या पद्धतीत पहिलं अक्षर नेहमीच्या वापरातल्या तापमानाचा घर्षणांक सांगतं, दुसरं खूप तापल्यावरचा. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर पॅड तापल्यावर ढिला पडतो. ही चाचणी पॅडच्या छोट्या तुकड्यावर यंत्रात होते, त्यामुळे अक्षरं सगळं सांगत नाहीत. पण दुकानदाराच्या ‘एकदम ओरिजिनलसारखा आहे साहेब’ या वाक्यापेक्षा जास्त सांगतात.

युरोपातला ‘आर-९०’ हा नियम याहून कामाचा. बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्के इकडे-तिकडे असायलाच हवी, असं तो सांगतो. खूप जास्त पकडणारा पॅडही त्यात बसत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल कंपनीने ठरवलेला असतो. आपल्या पोलो जीटीला मागे ड्रमच आहेत. पुढे भलताच आक्रमक पॅड बसवला, तर तोल बिघडून पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतील आणि एबीएसला सारखं मधे पडावं लागेल. पोलोसारख्या युरोपीय गाडीसाठी हे प्रमाणपत्र असलेले पॅड मिळू शकतात. मागितलं तरच दुकानदार खोका फिरवून दाखवतो.

पॅडइतकंच लक्ष ब्रेक ऑइलला हवं. ते हवेतलं पाणी शोषतं. मानकाप्रमाणे ताजं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये. पाणी शोषल्यावर हीच अट १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. कोकणच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेलं ऑइल आणि त्यावर महागडे पॅड ही जोडी हास्यास्पद आहे. दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं हा घाटात गाडी पळवणाऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त ‘अपग्रेड’.

नवा पॅड बसल्यावर लगेच घाट गाठायचा नसतो. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, ताशी साठच्या आसपासपासून वीसपर्यंत आठ-दहा वेळा मध्यम जोराने ब्रेक लावायचा, पूर्ण थांबायचं नाही आणि मग गाडी गार होईपर्यंत हलक्या पायाने चालवायची. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो आणि पुढची पकड त्यावरच ठरते. हे न करता तापल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं, की थर ठिपक्यांनी बसतो आणि स्टिअरिंग थरथरू लागतं. मग ‘डिस्क वाकली’ असं निदान होऊन ती लेथवर जाते. लेथवर पाठवण्याआधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी मोजायला सांगावं.

हौस करणाऱ्यांना नावं ठेवायचं कारण नाही. राग आहे तो क्रमाचा. रीमॅप करून देणाऱ्यांनी पॅड, डिस्क आणि ऑइल तपासल्याशिवाय गाडीला हात लावू नये, आणि मालकांनीही तसा आग्रह धरावा. रोजच्या पोलो जीटीला आर-९० प्रमाणित, थंड असताना पकडणारा आणि घाटाची उष्णता सोसणारा रस्त्यावरचा पॅड, ताजं डॉट ४ आणि पॅडचा थर सारखा बसलेली डिस्क एवढं पुरे. पुढच्या वेळी गॅरेजात गेलात तर मेकॅनिककडून नव्या पॅडचा खोका आणि जुना पॅड, दोन्ही मागून घ्या.