डॉल्बीसमोर नाचा, पण कान सांभाळून!

साताऱ्यात काय, सांगलीत काय, विसर्जन मिरवणूक म्हटली की तरुणांना डॉल्बी हवाच. मोठ्या शहरात क्लबमध्ये पैसे मोजून मिळते ती मजा इथे रस्त्यावर, फुकट! ती रात्र वर्षभर आठवते. नाचू नका, असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत असेल, दडे बसले असतील, तर ती डॉल्बी दणक्यात वाजल्याची पावती नव्हे. ती कानाला झालेली इजा आहे.

आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज कान साधारण ८ तास सोसतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे!

मग काय कराल?

• स्पीकरच्या भिंतीपासून लांब नाचा.
• फोमचे इअरप्लग वापरा. कापसाचा बोळा पुरत नाही.
• अधूनमधून शांत जागी जा.
• तान्ह्या बाळांना मिरवणुकीत नेऊ नका.
• अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. उशीर झाला तर उपचारांचा उपयोग कमी होतो.

मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, आवाजाचे बटण तुमच्या हातात आहे. ते थोडे खाली आणले तरी ठेका तोच राहतो. बाप्पा दरवर्षी येतात, गेलेले कान परत येत नाहीत.