घरांचा धूर पंपावर मोजू नका

राज्यातल्या कुटुंबांच्या प्रवासातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे काढायला घरोघर विचारत फिरण्याची गरज नाही, असे एक अभ्यासक ठासून सांगत असतात. महाराष्ट्रात वर्षभरात विकलेले पेट्रोल-डिझेल घ्या, पेट्रोलला लिटरमागे 2.3 किलो आणि डिझेलला 2.7 किलो या दराने गुणा, लोकसंख्येने भागा, की झाले! वर निष्कर्ष असा की, आपला दरडोई वाटा किरकोळ आहे, त्याची चिंता श्रीमंत देशांनी करावी.

गुणाकाराच्या पद्धतीबद्दल तक्रार नाही. देशाचे एकूण उत्सर्जन विकलेल्या इंधनावरून काढतात आणि ते योग्यच आहे, कारण जळालेल्या लिटरचा कार्बन त्यातून सुटत नाही. पण या हिशोबात कुटुंब कुठे आहे?

डिझेल मालट्रकना लागते, ट्रॅक्टरला लागते, जनरेटरला लागते. 2013 साली देशभर झालेल्या पाहणीत डिझेलपैकी सुमारे 13 टक्केच खासगी मोटारी-जीपगाड्यांत गेल्याचे आढळले होते. पेट्रोलपैकी 61 टक्क्यांहून जास्त दुचाकींनी जाळले, पण म्हणून ते सगळे घरच्या प्रवासाचे ठरत नाही. पांढऱ्या नंबरप्लेटची मोटारसायकल पहाटे दुधाचे कॅन वाहते, दुपारी पार्सले पोचवते आणि रविवारी घरच्यांना देवदर्शनाला नेते. टाकी एकच, त्यातले घराचे किती आणि धंद्याचे किती, हे पंपावरचा माणूस कसे सांगणार? दोडामार्गचा माणूस गोव्यात पेट्रोल भरतो, तलासरीचा गुजरातेत, कारण तिकडे स्वस्त मिळते. गाडी धावते महाराष्ट्राच्या रस्त्यावर, विक्रीची नोंद होते शेजारच्या राज्यात. आणि ज्या घरात गाडीच नाही, त्या घरची माणसे वडापच्या जीपने बाजाराला जातात, एसटीने तालुक्याच्या दवाखान्यात जातात. त्यांच्या वाट्याचा धूर या अभ्यासकांनी कुठल्या रकान्यात लिहिला आहे? कुठल्याच नाही. त्यांच्या भागाकारात ही माणसे आणि दोन मोटारी बाळगणारे घर अगदी सारखे आहेत.

मागे अशाच मंडळींनी आरटीओतल्या नोंदींवरून हिशोब मांडला होता. नोंदलेल्या गाड्या मोजायच्या आणि प्रत्येकीला सरासरी किलोमीटर लावायचे. भंगारात गेलेल्या गाडीची नोंद रद्द करायला किती जण जातात? अंगणात गंजत पडलेली स्कूटर त्या कागदावर रोज धावत होती. तेव्हाही हेच सांगितले होते, तेव्हाही कोणी ऐकले नाही.

गुणाकाराचा दरही तपासावा लागतो: पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आल्यावर 2.3 चा आकडा जसाच्या तसा चालत नाही. शिवाय पंपावर न दिसणारा धूरही आहे: मुंबईच्या लोकलला पेट्रोल लागत नाही, पण तिच्या विजेसाठी कोळसा जळतो.

आणि दरडोई म्हणजे कोण? लिटरला 15 किलोमीटर देणारी मोटार एकट्याने चालवणारा दर किलोमीटरला सुमारे 150 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडतो. लिटरला 5 किलोमीटर जाणाऱ्या एसटीत 40 माणसे बसली, तर माणशी 14 ग्रॅमच्या आसपास येतात. या दोघांची सरासरी काढून दोघांनाही निर्दोष ठरवणे ही लबाडी आहे, आणि तिची किंमत एसटीतला माणूस मोजतो. त्याच्या कमी धुराच्या आडोशाला मोटारवाल्याचा धूर लपतो.

मग मोजायचे कसे? घरी जाऊन. 2011 च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले, पण शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगातले कामगार वगळून. शाळेत जाणारी मुलगी, बाजाराला जाणारी बाई त्यातही आली नाही. येत्या जनगणनेत हा प्रश्न सगळ्यांना विचारावा. पीयूसी काढताना गाडीच्या मीटरचा आकडा लिहून घ्यावा, म्हणजे दोन तपासण्यांमधले खरे किलोमीटर हाती येतील. शिवाय प्रत्येक जिल्ह्यातल्या निवडक कुटुंबांकडून आठवडाभराच्या प्रवासाची नोंद घ्यावी: कोण, कुठे, कशाने, गाडीत किती जण. याला पैसा लागेल, वेळही लागेल. तोवर पंपावरच्या विक्रीला कुटुंबांचे उत्सर्जन म्हणून कोणीही छापू नये.