जुनी गाडी जपायची की पळवायची?

एमजीबी ही ब्रिटनची लाडकी स्पोर्ट्स कार. १९६२ ते १९८० या काळात ती ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. इंजिन १,७९८ सीसीचं, गिअर मात्र चारच. आजच्या मोटरवेवर तिची पंचाईत होते ती इथेच. ताशी ७० मैलांना, म्हणजे साधारण ११२ किलोमीटरला, इंजिन ३,९०० आरपीएमच्या आसपास ओरडत असतं. हात आपोआप पाचवा गिअर शोधायला लागतो, आणि तो नसतोच!

यावरचा जुना उपाय म्हणजे लेकॉक डी नॉर्मनव्हिल ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या मागे बसणारा हा छोटा गिअरसंच ग्रहमालेसारखा असतो : मध्ये सूर्य, भोवती ग्रह. बटण दाबलं की तेलाच्या दाबावर तो कामाला लागतो, क्लचला पाय लावायचीही गरज नाही. इंजिनाच्या साधारण ८२ फेऱ्यांत मागचा शाफ्ट १०० फेऱ्या घेतो. वेग तोच, पण आरपीएम ३,२०० वर. कानांना आराम, पेट्रोलचीही बचत.

शुद्धतावादी मंडळी म्हणतात, 'गाडी कारखान्यातून आली तशीच ठेवा.' हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. प्रत्येकाने आपल्या सोयीचे बदल केले, तर मूळ गाडी कशी होती हे पुढच्या पिढीला कळणार कसं? पण ओव्हरड्राइव्ह तर कारखानाच जादा पैसे घेऊन बसवून द्यायचा. तो काही उपरा नाही.

हे काम सोपंही नाही. साध्या गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट वेगळा असतो, त्यामुळे बहुतेक जण अख्खा गिअरबॉक्सच बदलतात. त्यासाठी इंजिनही बाहेर काढावं लागतं. म्हणजे लहर आली म्हणून करण्यातला हा प्रकार नव्हे.

आमचं मत स्पष्ट आहे : परत फिरता येईल असा बदल खुशाल करा. पत्रा कापू नका आणि काढलेला गिअरबॉक्स भंगारात देऊ नका, तेल लावून जपून ठेवा. कारण नुसती उभी राहिलेली गाडीही खराब होतेच. तिचे सील सुकतात, ब्रेक जाम होतात. आणि गाड्या रस्त्यावर आल्याच नाहीत, तर त्या दुरुस्त करणारे हातही उरत नाहीत.

तुमच्या बिल्डिंगखाली आजोबांची स्कूटर कव्हर टाकून उभी असेल, तर हाच नियम तिलाही लावा. आधी ती चालू तर करा!