एक प्रत परगावी

दागिने आपण लॉकरमध्ये ठेवतो. पण अज्जीचा रेकॉर्ड केलेला आवाज, मुलांचे फोटो, उताऱ्याची स्कॅन केलेली प्रत हे सारे एकाच संगणकात असते. तो बिघडला की आपल्या घरांत 'अरे देवा' आणि 'अय्यो' एकदमच निघते!

दूर कुठेतरी प्रत ठेवण्याची धडपड जुनीच. १९८० मध्ये अमेरिकेत यूजनेट सुरू झाले. तिथल्या न्यूजग्रुपमध्ये टाकलेला मजकूर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर आपोआप पोचे. काही हुशार मंडळींनी आपल्या फाइलींना सांकेतिक कुलूप घालून, तुकडे पाडून त्या तिथे ठेवल्या. पण तिजोरी चव्हाट्यावरची. शिवाय जागा संपली की सर्व्हर जुने तुकडे पुसून टाकी. फुकटच्या जागेचा भरवसा किती? ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालेच.

म्हणून छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम बरा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, एक प्रत घराबाहेर. म्हणजे एक संगणकात, दुसरी हार्ड डिस्कवर, तिसरी क्लाउडवर किंवा बेळगावच्या मावशीकडे. दर युगादीला त्या उघडून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे.

आणि पासवर्ड एकट्याच्या डोक्यात ठेवू नका. माणूस गेला, फोटो शाबूत, पण कुलूप उघडेना, अशी वेळ कोणावर न येवो. वहीत लिहा आणि वहीची जागा घरातल्या दोघांना सांगून ठेवा.