नहपानाच्या गालावर सातकर्णीचा ठसा

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाला अजूनही राणीछाप रुपया ताटात मांडतात. चांदीवर राज्यकर्त्याचा चेहरा उमटवण्याची चाल मात्र इंग्रजांची नव्हे. पुणे जिल्ह्याच्या मुलखात ती सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच पोहोचली होती.

रोमच्या टांकसाळीत हयात माणसाचा चेहरा प्रथम नाण्यावर आला तो ज्युलियस सीझरचा, इ.स.पूर्व ४४ मध्ये. पुढे ऑगस्टस आणि टायबेरियस यांचे चेहरे चांदीच्या दिनारांवरून समुद्र ओलांडून भारतात आले. भडोचला रोमन नाणी बदलून घेताना नफा होतो, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तेथे उल्लेखलेला राजा म्हणजे क्षहरात घराण्याचा क्षत्रप नहपान, असे मानले जाते. त्याची सत्ता जुन्नरपर्यंत होती. तिथल्या मानमोडीच्या लेण्यात त्याचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे.

नहपानाचे नाणे वजनाला जेमतेम दोन ग्रॅम, आकाराने अंगठ्याच्या नखाएवढे. एका बाजूला उजवीकडे पाहणारा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे. पण त्या अक्षरांतली भाषा प्राकृत. मागे बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी आणि खरोष्ठी लेख. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या!

१९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी १३,२५० नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला आहे: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि भोवती त्याचे नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे. कुठे डोंगर थेट नहपानाच्या गालावर बसला आहे, कुठे नव्या ठशाखालून जुने नाक डोकावते. पुस्तके हे एका ओळीत उरकतात, पण सातवाहनांच्या राजकारणातली ही सर्वांत शहाणी चाल होती. नाणी वितळवली नाहीत, त्यामुळे बाजारातले चलन आटले नाही आणि व्यापाऱ्याची थैली शाबूत राहिली. क्षहरातांचा उच्छेद झाल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरले आहे. पण लेणे वाचायला डोंगर चढावा लागतो, नाणे हातोहात फिरते.

चेहऱ्याची रीत मात्र सातवाहनांनी टाकली नाही. वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि यज्ञ सातकर्णी यांनी चांदीवर स्वतःचे चेहरे छापले. मागच्या बाजूला तेच उज्जैन चिन्ह आणि कमानींचा डोंगर.